मधल्या वाफ्यातली माती

चौथी माळ चढली तरी घटातून एक हिरवं टोक वर आलं नाही, तेव्हा गेणबा पहिल्यांदा घाबरला.

एरवी तिसऱ्या माळेलाच मातीला बारीक भेगा पडायच्या. बयाबाई सकाळी दिव्यात तेल घालायला बसली की तिथूनच ओरडायची, "आवं, आली बगा! गव्हानं डोस्कं काढलं!" आणि गेणबा ओट्यावर तंबाखू मळत, मान न वळवता म्हणायचा, "बी चांगलं हाय म्हंजी." पन्नास वर्षांच्या संसारात नवरात्रातलं त्यांचं भांडण या दोन वाक्यांत मावत आलं होतं. तिच्या लेखी देवी आलेली असायची, त्याच्या लेखी बी उगवलेलं असायचं. दसऱ्याला तेच तुरे तो टोपीत खोवून गावात मिरवायचा. देवी नको म्हणणाऱ्याला देवीचा तुरा कसा चालतो, हे बयाबाईनं त्याला दर वर्षी विचारलं आणि त्यानं दर वर्षी ऐकू न आल्याचं सोंग केलं.

यंदा बयाबाई ओरडली नाही. तरवडाच्या फुलांची चौथी माळ तिनं घटावर सोडली, समईची वात सारखी केली आणि कडेची माती बोटानं हलकेच दाबून पाहिली. मग तशीच बसून राहिली. गेणबानं ओट्यावरून हळूच मान वळवून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पाहिलं असेल.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. एखाद्या वर्षी घट मागेपुढे होतो. पण यंदाच्या घटावर बयाबाईनं आपला जीव टांगून ठेवला होता.

भादव्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग हिंगाचं पाणी झालं, मग मुलानं उचलून दौंडला नेलं. मुलगा बिरदेव कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात कामाला होता, दौंडला राहायचा. तिथल्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला आणि सांगितलं, गाठ आहे. आत्ता काढली तर बाई पुष्कळ वर्षं काढतील, दिवाळीवर ढकलू नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख पडली. बयाबाईनं सगळं शांतपणे ऐकलं, पदर सावरला आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर बसूनच म्हणाली, "घट उगवून आला तर येते. न्हाई आला तर येत न्हाई."

म्हातारी गंमत करते आहे असं वाटून डॉक्टर हसले. बिरदेव हसला नाही, त्याला आई माहीत होती. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो गेणबा. त्याच्या दृष्टीनं ही अटच नव्हती. बी टाकलं, पाणी घातलं की उगवतं. म्हणजे ऑपरेशन झाल्यातच जमा होतं.

गेणबाचं हे बियाण्याचं शास्त्र कुठून आलं, हे सांगायला हवं. त्याच्या बापजाद्यांनी कधी बी पेरलं नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाळ्याला वर यायचं, आणि मधल्या दिवसांत भीमेच्या काठानं, दौंडच्या काळ्या रानांतून, कुणी बोलवेल त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हा त्यांचा धंदा. पुढं मेंढरं विकून त्यानं कवठे येमाईच्या शिवारात दोन एकर घेतले. देवी नाही असं तो लग्नापासूनच म्हणायचा, पण त्या वर्षी गावच्या ज्ञानदेव मास्तरांनी पारावर बसून त्याला सांगितलं की घट म्हणजे काही देवीबिवी नव्हे, पूर्वीच्या शेतकऱ्याची बी तपासायची रीत. घरात साठवलेलं सात जातीचं धान्य नऊ दिवस मातीत ठेवायचं, कुठलं जोमानं येतं ते बघायचं आणि रब्बीला तेच पेरायचं. गेणबाला हे इतकं आवडलं की त्यानं ते आपल्या बापाच्या नावावर खपवायला सुरुवात केली.

"आमचा म्हातारा म्हणायचा, घट म्हंजी बी तपासायची रीत."

"तुमच्या म्हाताऱ्याला कुठलं रान हुतं बी तपासाया?" बयाबाई विचारायची.

यावरही त्याला ऐकू यायचं नाही. पण गेणबा लबाड होता असं समजू नका. मेंढक्याचा शेतकरी झालेला माणूस तो. गावात चार कुणबी बसलेले असताना आपल्यालाही रानातलं काही कळतं, हे दाखवायला त्याला हे वाक्य उपयोगी पडायचं. ते बोलला की दोन एकर त्याला जरा जास्त आपले वाटायचे.

बयाबाईला ते वेगळ्या वाटेनं आपले वाटत होते. घट आपल्या रानातल्या मातीत बसवायचा असतो, आणि तिच्या लग्नानंतरची कैक नवरात्रं तिला रानच नव्हतं. ज्याच्या शेतात मेंढरं बसलेली असतील त्याच्या दारात जायचं आणि ओंजळभर माती मागायची. बहुतेक जण देत. बिरदेव पोटात असताना मात्र भीमेकाठच्या एका गावात पाटलीण दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "लेंड्या टाकल्या त्या आमच्या. पण माती मागू नका. माती दिली की घरची लक्ष्मी जाते." बयाबाईनं नदीतली वाळू आणून त्यात घट बसवला. तो पिवळट, मरतुकडा आला. ते वर्ष तिनं कसंबसं काढलं, आणि आपली माती म्हणजे काय ते त्या वर्षी तिच्या मनात कायमचं ठरलं.

म्हणून दोन एकर झाले त्या पहिल्या नवरात्रापासून तिनं नेम घातला. घटाची माती धन्यानं आणायची. पायात वहाण नको, खोरं नको. मधल्या वाफ्यात जायचं, मातीला हात जोडायचे, हातानंच माती उकरायची आणि पाटीत भरून डोक्यावरून आणायची. मधल्याच वाफ्यातली का, तर बांधाकडची माती अर्धी शेजाऱ्याची असते. "आता तरी अर्ध्यातली नको," एवढंच ती म्हणायची. गेणबा कुरकुरत जायचा, पण जायचा.

यंदाही गेला. आणि मधल्या वाफ्यातून आणली म्हणून सांगत पाटी खाली ठेवली.

पाचव्या माळेलाही घट कोराच राहिला. बयाबाईनं सकाळचा चहा घेतला नाही. बियाण्यातच काही खोट असेल, मळणीच्या वेळी भिजलं असेल, असं गेणबा स्वतःला समजावत होता. आदल्याच दिवशी त्यानं घटाच्या उरलेल्या धान्यातली चिमूट गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात गुंडाळून गोठ्यात ठेवली होती. मास्तरांची विद्या होती ती. सहाव्या माळेला सकाळी त्यानं गोणपाट उलगडलं आणि पाहिलं, तर मका सोडून सगळ्याला पांढरे, टवटवीत कोंब फुटले होते. गव्हाला तर मुळ्यासुद्धा सुटल्या होत्या.

"बी चांगलं हाय," तो सवयीनं म्हणाला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. बी चांगलं असेल तर खोट मातीत आहे, हे कळायला मास्तर लागत नाहीत.

तो तसाच रानात गेला. त्याला नीट आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं. घटाच्या दोन दिवस आधी त्यानं कांद्याच्या रानाच्या कडेनं तणनाशक मारलं होतं. पंपात उरलं ते बांधाच्या कोपऱ्यात बोरीखाली ओतलं आणि पंपही तिथंच विसळला. मग माती आणायच्या दिवशी मधल्या वाफ्यात घोट्याएवढा चिखल होता, गुडघा ठणकत होता, आणि बोरीखालची माती कशी भुसभुशीत, हाताशी होती. माती ती माती, असं म्हणत त्यानं पाटी भरली. बी तपासायलाच तर हवी होती! हातही जोडले नाहीत, पायात वहाणा तशाच होत्या.

बोरीखाली आता पावसानं सगळीकडे लुसलुशीत गवत उगवलं होतं. मधली घमेलंभर जागा मात्र काळी, उघडी पडली होती. तिथं काडीसुद्धा नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. गेणबा त्या जागेशेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

दुपारी बिरदेव आणि सून प्रतिभा दौंडहून आले. प्रतिभा रेल्वे कॉलनीत वाढलेली. नवरात्र म्हणजे नऊ दिवसांचे नऊ रंग आणि संध्याकाळी मैदानात दांडिया, असं तिचं सरळ होतं. त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून ती घटाला नमस्कार करायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच तिचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बयाबाई भिंतीला टेकून दोघांकडे पाहत होती.

"हवा दमट हाय आई यंदा," बिरदेव म्हणाला. "होतंय उशिरा."

"पन्नास वर्सं हवा नव्हती व्हय रं?" बयाबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

गेणबानं मुलाला आणि सुनेला गोठ्यामागं नेलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. आपण आणून दिलेलंच औषध का, एवढं बिरदेवनं विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"आबा, ते उगवणीच्या आधी मारायचं औषध हाय. बी उगवूच द्यायचं न्हाई, त्यासाठीच असतं ते. त्या मातीत आता महिना-दोन महिने काय येणार न्हाई."

"मग आता?"

"मग काय! आईला खरं सांगायचं. घटाचा आन् तिच्या पोटाचा काय संबंध?"

"तू सांग."

"औषध मी आणून दिलं, ते मी सांगतो. पर माती तुमी आणली. मधल्या वाफ्यातली म्हणून तुमी सांगितलं. ते मी कसं सांगू?"

प्रतिभा मधेच म्हणाली, "मामा, आमच्या दौंडात गव्हाचे उगवलेले ट्रे मिळतात. लोक रस काढून पितात त्याचा. एक आणला आणि गुपचूप..."

बिरदेव तिच्यावर खेकसला. गेणबा मात्र खेकसला नाही. आयुष्यभर ज्याला नुसतं बियाणं म्हटलं त्या देवीच्या घटात चोरून तुरे कसे रोवता येतील, याचा तो भर दुपारी मनापासून विचार करत होता. ट्रेमधला गहू उपटून लावला तर धरेल का? जोंधळ्याचं काय करायचं? पण घट बसला की दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, आणि बयाबाईनं आपलं अंथरूण घटाशेजारीच टाकलं होतं. ती तिथून परसात जाण्यापुरतीच उठायची. शेवटी तोच म्हणाला, "न्हाई जमायचं. पन्नास घट घातलेत तिनं. ती वळखंल."

"मग सांगा," बिरदेव म्हणाला. "आबा, चारच दिवस राहिलेत."

संध्याकाळी ते दोघं गेले. बिरदेवला रात्रपाळी होती.

सातवी माळ गेली. त्या दिवशी गेणबा तीन वेळा घटापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आला. बायकोनं पाण्याचं कारण विचारलं नाही. आठव्या माळेला, दुपारच्याला, बयाबाई फुलोऱ्याच्या कडाकण्या लाटत बसली होती. अंगात त्राण नव्हतं, दोन लाटल्या की थांबायची. ज्या घटात काही उगवलं नाही त्याच्यावर फुलोरा बांधायची तयारी ती करत होती, आणि ते बघून गेणबाला राहवलं नाही. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"बये, ती माती मधल्या वाफ्यातली नव्हती."

तिचं लाटणं थांबलं नाही.

"बांधाची व्हती. बोरीखालची. तिथं मी तणाच्या औषधाचा पंप वतला व्हता. बी चांगलं हाय, मी गोणपाटात बांधून बघितलं. मातीत औषध व्हतं म्हणून उगवलं न्हाई. देवीचा काय संबंध न्हाई त्यात."

एका दमात बोलून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. आता ती चिडेल, चार शिव्या घालेल, मग रडेल आणि मग पिशवी भरेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बयाबाईनं हातातली कडाकणी लाटून पूर्ण केली, ताटात ठेवली, हाताचं पीठ झाडलं.

"मधल्या वाफ्यातली म्हणाला हुता."

"व्हय. म्हणालो."

"हात जोडले का विचारलं, तर व्हय म्हणाला."

गेणबानं ताटातल्या कडाकण्या उगीचच सारख्या केल्या.

"ती पाटलीण बरी म्हणायची," बयाबाई म्हणाली. "तिनं न्हाई म्हणून तोंडावर सांगितलं तरी."

इतक्या वर्षांत ती त्याला नाही नाही ते बोलली होती. मेंढरं लांडग्यानं नेली तेव्हा बोलली होती, जमीन घेताना त्यानं तिच्या पाटल्या मोडल्या तेव्हा बोलली होती. पण असं कधी लागलं नव्हतं. त्याला वाटलं उठून जावं. तरी ज्यासाठी आलो ते पुरं करावं म्हणून तो बोललाच.

"चुकलो. शंभरदा चुकलो. पर आता तुला कळलं न्हवं? देवीनं न्हाई म्हणलेलं न्हाई. चल, दसरा झाला की दौंडला जाऊ."

"देवीनं न्हाई म्हणलं न्हाई, हे खरं." ती थोडी थांबली. "आन् व्हय बी म्हणलं न्हाई. यंदा घट बसलाच न्हाई. आठ दिस मी इखाला पाणी घातलं."

"मग?"

"मग तुमी सांगा."

"काय सांगू?"

"जाऊ का नको?"

गेणबाला आधी कळलंच नाही. बयाबाई समजावल्यासारखं, सावकाश बोलत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच कठीण होतं. "मला भ्या वाटतंय. पोट फाडणार म्हणत्यात. मी कुणाला तरी इचारून जाणार ना? देवीला इचारलं, तर तिच्या तोंडात तुमी माती घातली. तुमी म्हणता देवी न्हाई, नुसतं बी हाय. बरं. मग सांगाया तुमीच राहिला. तुमी जा म्हणला तर जाते. तिथं मेले तरी तुमाला बोल लावायची न्हाई."

आता यात अवघड ते काय? एक अक्षर, फार तर दीड. गेणबानं तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं की आपण जा म्हणायचं, ही गाडीत बसणार, डॉक्टर आत नेणार, आणि परत आली नाही तर? मग तो शब्द आयुष्यभर कुणाच्या माथी? देवीला बरं असतं. ती सांगते आणि मोकळी होते, तिला रात्री झोप लागते की नाही हे कुणी विचारत नाही. आणि जाऊ नको म्हणायचं, तर ते त्याहून वाईट.  पन्नास वर्षं ज्या जागेवर कुणी बसलेलंच नाही असं तो सांगत आला, त्या जागेवर पाच मिनिटं बसायची त्याची छाती होईना.

"मला काय कळतंय त्यातलं?" तो पुटपुटला.

"मग पन्नास वर्सं कशापायी बोलत हुता?" बयाबाई म्हणाली, आणि पुढची कडाकणी लाटायला घेतली.

दसऱ्याला सकाळी तिनं स्वतःच घट उठवला. शेजारणी आपापल्या घटाचे तुरे वाटत फिरत होत्या. त्यांना तिनं दारातूनच परत लावलं. टोपलीतली माती तिनं रानात टाकू दिली नाही, गेणबाला रस्त्याच्या कडेला लांब नेऊन ओतायला लावली. गेणबा दिवसभर बोडक्या टोपीनं गोठ्यात बसला. सोनं द्यायला कुणाकडे गेला नाही.

दुपारी तीनला बिरदेव कुणाची तरी गाडी घेऊन आला. संध्याकाळी दवाखान्यात भरती करायचं, सकाळी ऑपरेशन, असं ठरलेलं होतं. तो आत आला आणि बघतो तर बयाबाई इरकल नेसून, केस नीट बांधून ओट्यावर बसलेली. शेजारी भरलेली पिशवी. वर टॉवेल घडी करून ठेवलेला. बिरदेवचा चेहरा खुलला.

"चल आई. बस."

बयाबाई उठली नाही. "यांनी अजून जा म्हणून सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

प्रतिभानं सासूचा हात धरला. "आत्या, चला ना. तुमच्यासाठी मी आठ दिवस रजा घेतलीय. डॉक्टर चांगले आहेत, आमच्या कॉलनीतल्या बायका त्यांच्याकडेच जातात."

"चांगलेच असतील बाई."

बिरदेव गोठ्यात गेला. बापाला हाताला धरून त्यानं ओट्यापाशी आणलं, आईच्या समोर उभं केलं. "आबा, तुमी एकदा म्हणा. जा म्हणा. बास."

गेणबानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान वर केली होती. अशी वाट पाहताना त्यानं तिला पूर्वी पाहिलं होतं, नवी नवरी असताना, कोकणातल्या घाटाच्या तोंडाशी, पुढची वाट कुठली म्हणून विचारताना. तेव्हा तो बेधडक सांगायचा. चुकलं तर परत वळायचा, मेंढरं काही तक्रार करत नव्हती. तिची पिशवी भरलेली होती. तिला जायचं होतं. जगायचं होतं तिला, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याच्या तोंडातून एक शब्द निघायचा होता, तोही खरा असायची गरज नव्हती.

"तिच्या मनाला यील तसं," गेणबा म्हणाला.

बयाबाईनं मान खाली घातली. थोड्या वेळानं तिनं पिशवी उचलली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. बिरदेवनं मुलाच्या तोंडी न शोभतील असे शब्द बापाला वापरले, आईच्या पायाशी डोकं टेकलं, प्रतिभा रडली. बयाबाई सगळ्यांना एकच सांगत राहिली, "आता बळजबरी करू नगा. दिस जाऊ द्या, बघू." दिवेलागणीला गाडी रिकामी परत गेली.

दिवाळीत बिरदेवनं पुन्हा गाडी आणली, तीही रिकामीच गेली. कार्तिकात पुन्हा आणली. तोवर तिला बसवत नव्हतं. दौंडचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आता आणून उपयोग नाही, दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो. गेणबा तिच्या उशाशी बसून असायचा. तिला उसाचा रस आवडायचा म्हणून दोन मैल चालत जाऊन आणायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, पाय चेपायचा. बयाबाईनं त्याला शेवटपर्यंत एक शब्द वाकडा बोलून दाखवला नाही. त्यालाच कधीकधी वाटायचं, बोलली असती तर बरं झालं असतं. मार्गशीर्ष संपता संपता, ऊन डोक्यावर असताना ती गेली.

दहाव्यापर्यंत ओट्यावर बसायला येणाऱ्यांची रीघ होती. बायका आत, माणसं बाहेर. शेजारची एक म्हातारी आतून बाहेर आली आणि गेणबासमोर बसून डोळे पुसत म्हणाली, "आबा, दसऱ्याला मी तुरं घिऊन आले, तर तिनं दारातनंच माघारी लावलं. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. घट उगवला नव्हता म्हणत्यात, खरं का?"

बिरदेव पायरीवर बसला होता. त्यानं मान वर केली. "मावशी, तसं न्हाई ते. त्या मातीत..."

"व्हय," गेणबा त्याला तोडत म्हणाला. आवाज एकदम मोठा निघाला, ओट्यावरची माणसं वळून पाहायला लागली. "उगवला न्हाई. देवीनं आधीच सांगितलं व्हतं. देवीच्या म्होरं आपुन कोण?"

माणसांनी माना डोलावल्या. ज्ञानदेव मास्तरही आले होते, तेही काही बोलले नाहीत. अशा वेळी कोण बोलतं? कुणीतरी म्हणालं, खरं आहे, लिहिलेलं चुकत नाही. म्हातारीनं गेणबाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा आबा, मन हलकं होतं. बिरदेव बापाकडे बघत राहिला, मग उठून रानाकडे निघून गेला. गेणबानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्या माळेपासून सांगायला लागला, मातीचं तेवढं वगळून.